व्याह्यांनी डोंगराला हाक मारली

प्रिय बोलोर,

तुझ्या तेहोचे आईवडील उद्या इथून निघतील. (मी त्यांना आतापासूनच व्याही आणि विहीणबाई म्हणते, तू हसू नकोस.) हे पत्र विहीणबाईंच्या पिशवीत घालणार आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोन लागतो तो मागच्या टेकडीवर, आणि मी टेकडी चढायला लागले की तुझे बाबा काहीतरी निमित्त काढून मागोमाग येतात, माझ्याकडे पाठ करतात आणि मेंढ्या मोजत उभे राहतात. मेंढ्या भलतीकडेच चरत असल्या तरी. म्हणून काही गोष्टी तुला आजवर सांगताच आल्या नाहीत.

सेऊलमध्येच लग्न करून राहणार असं तू नव्या वर्षाच्या सणाला कळवलंस, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. ‘तुझी मुलगी’ म्हणतात. तुझ्या मुलीचा फोन आला का, तुझ्या मुलीचं खोगीर भिजतंय, आत घे. आपला शेजारचा जमबा एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाला, “काका, ही मुलगी काकूंनी माहेरून आणली होती का हो?” त्यावरही हसले नाहीत. तुझ्या बदामी घोड्यावर मात्र ते कुणाला बसू देत नाहीत, स्वतःही बसत नाहीत. नुसता खाऊन खाऊन लठ्ठ झालाय तो.

मग तू कळवलंस की तेहोचे आईवडील आपल्याकडचे डोंगर आणि धबधबा बघायला येणार आहेत. मी काही दूधखुळी नाही, बाई. एवढ्या लांबून माणसं येतात ती मुलीचं घर बघायला, चूल बघायला, बाप कसा आहे ते बघायला. त्यांनी होकार अडवून ठेवलाय हे तू सांगितलं नसतंस तरी मला कळलं असतं. मी तुझ्या बाबांना म्हटलं, निदान घोड्यांसाठी तरी चला. “येईन,” म्हणाले, “पण घोडेवाला म्हणून. व्याही म्हणून नाही.” जमबाने कोरियातल्या कारखान्यात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे त्याची ती खटारा रशियन व्हॅन आणि त्याची जीभ, दोन्ही भाड्याने घेतली.

पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. यंदा पाऊस लांबलाय. आम्ही मोठ्या थाटाने पाहुण्यांना धबधब्याच्या कड्यावर उभं केलं आणि खाली नुसता काळा खडक! एका फटीतून गाईच्या शेपटीएवढं पाणी ठिबकत होतं. विहीणबाईंनी हळूच जमबाला विचारलं, “पाणी कुठंय?” तो म्हणाला, “रजेवर गेलंय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणा दारात आणि घरात चहाला दूध नाही, तसं. व्याही भला माणूस, त्यांनी त्या कोरड्या खडकाचेही फोटो काढले. तुझे बाबा लांब घोड्यांपाशी उभे होते आणि मला वाटतं, मनातून खूश होते.

संध्याकाळी विहीणबाईंनी डब्यातून आणलेली लाल तिखट कोबी वाढली. तुझ्या बाबांनी एक घास घेतला आणि डोळ्यांतून धारा! “हे जेवण आहे की शिक्षा?” जमबाने याचं भाषांतर काय केलं देव जाणे, व्याह्यांनी खूश होऊन आणखी वाढली.

दुसऱ्या दिवशी घोड्यावरून खिंडीकडे निघालो. व्याह्यांना प्रत्येक डोंगराचं नाव हवं. जमबाला विचारलं, हा कोणता? जमबा म्हणाला, खैरखान. तो पलीकडचा? खैरखान. आणि तो टोकाचा? तोही खैरखान. व्याही म्हणाले, “तुमच्याकडे नावांची टंचाई आहे का?” तेव्हा जमबाने सांगितलं की त्यांना नावं आहेत, पण त्यांच्यासमोर घ्यायची नसतात. “थोरल्या माणसाला कुणी तोंडावर नावाने हाक मारतं का? म्हणून नुसतं ‘कृपाळू’ म्हणायचं.” हे ऐकून विहीणबाईंनी एकदम घोडा थांबवला. काहीतरी आठवल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.

खिंडीतल्या ओवोच्या, डोंगरासाठी रचलेल्या दगडांच्या राशीपाशी पोचलो. समोर आपला डोंगर, माथ्यावर बर्फ, सगळं कसं लख्ख. मी डोंगराला उडवायला पिशवीतून दूध काढत होते. तेवढ्यात व्याह्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि डोंगराकडे बघून आरोळी ठोकली, “याऽऽहोऽऽ!” आणि वर पुस्तकात वाचलेलं त्याचं नाव! अख्खं नाव, बोलोर! दुसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच तुझे बाबा धावले आणि आपला पंजा त्यांच्या तोंडावर दाबला. होणाऱ्या व्याह्याच्या तोंडावर! माझ्या हातून दूध सांडलं. व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला. मी मनात म्हटलं, संपलं, आता माझ्या पोरीचं लग्न काही होत नाही.

आणि वरून गारा. उगाच नाही आल्या, असं तुझे बाबा म्हणतात. दुपारपासून ढग होतेच, असं जमबा म्हणतो. घोडे खडकाच्या आडोशाला बांधले आणि आम्ही पाचही जण एका ताडपत्रीखाली गुडघ्याला गुडघा लावून बसलो. रागवायलासुद्धा जागा नव्हती. मग तुझे बाबाच पहिल्यांदा बोलले. “सांग त्यांना, माझं चुकलं. पण तो आमचा वडीलधारा आहे.” व्याही म्हणाले, “आमच्याकडे माणसं सगळं मनात ठेवतात. घरात ओरडता येत नाही, ऑफिसात येत नाही. म्हणून डोंगरावर जाऊन ओरडतात. उतरताना जरा हलकं वाटतं.”

आता विहीणबाईंना राहवेना. म्हणाल्या, “तुमची लेक आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तेव्हापासून रोज सकाळी चमच्याने दूध उडवते. खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. दोनदा भांडायला आली ती. मी तुमच्या लेकीला विचारलं, कशाला ग हे? म्हणाली, डोंगराला. कुठल्या डोंगराला? तर नाव सांगेना. नुसती मान खाली. मला वाटलं, ही घरचं काहीतरी लपवतेय. खरं सांगते, ते काय आहे हे बघायलाच आले मी.” आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता माझा हात धरला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तुझ्या बाबांनी जमबाला विचारलं, “तोंड कुठे करून उभी राहते?” विहीणबाईंनी ताडपत्रीबाहेर हात काढून वायव्य दाखवली, सेऊलहून आपल्या घराची दिशा. बाबांनी मान हलवली. मग थोड्या वेळाने, “चमचा कसला?” चहाचा, म्हणाल्या. “चहाचा!” ते पुटपुटले, आणि गारा थांबेपर्यंत बाहेरच बघत राहिले. ऊन पडल्यावर व्याह्यांनी आपण होऊन एक दगड उचलला आणि तुझ्या बाबांच्या मागोमाग ओवोला तीन प्रदक्षिणा घातल्या. तोंडातून चकार शब्द नाही.

परतताना धबधब्याचा आवाज आम्हाला आधी ऐकू आला. रजेवरून आलं होतं पाणी, आणि कसं! तांबडं, गढूळ, कड्यावरून कोसळत होतं, तुषार आमच्या तोंडापर्यंत. विहीणबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. तुझे बाबा कड्याशी गेले आणि व्याह्यांना खुणेने बोलावलं. पाण्याकडे बोट दाखवून त्यांनी स्वतःच्या तोंडाशी हात नेले, कसं करता ते दाखवा, अशा अर्थाने. व्याह्यांनी त्यांचे कोपर नीट उचलून दिले. आणि तुझे बाबा ओरडले. मी चार पावलांवर होते, तरी आवाज अर्धाच आला. पण अर्धा पुरला मला. तुझं नाव होतं, बोलोर. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. परत आले तेव्हा डोळे पुसत होते. म्हणाले, “त्या कोबीचं तिखट अजून गेलं नाही.” कोबी आदल्या दिवशी खाल्ली होती.

विहीणबाईंचा होकार आहे, तो त्या तुला स्वतः सांगतील. मी पत्र लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. परवापासून तुझे बाबा दारात बसून लाकूड कोरताहेत. दूध उडवायचा पळा आहे, नऊ खळग्यांचा, तुझ्यासाठी. व्याही म्हणाले, आम्ही नेतो, तर देईनात. “ज्याचा त्याने येऊन न्यावा,” म्हणाले. तेव्हा लग्नाआधी ये, बदामीवर बसून या दारातून नीघ, वाट सुखाची व्हावी म्हणून तुझ्यामागे दूध तेच उडवतील. पण हे ते तुला कधी सांगायचे नाहीत. म्हणून रविवारी फोन कर. मी टेकडीवर जाईन, ते मागे येतीलच, पाठ करून उभे राहतील. या वेळी मी फोन त्यांच्या हातात देऊन खाली उतरणार आहे. तू नुसतं ‘बाबा’ म्हण. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही तरी फोन ठेवू नकोस. ते तिथेच असतील.

तुझीच,
आई