सपाट घमेलं

अड्याळ, मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

कारखान्यातून येऊन तास झाला, तरी नामदेवकाकांचा तो हात डोळ्यापुढून जात नाही.

आमचे बोल्ट नागपूरच्या व्यापाऱ्यामार्फत युरोपात जातात. आता तिकडे सीमेवर कार्बनचा, म्हणजे माल बनवताना सोडलेल्या धुराचा, कर लागणार, म्हणून आमच्या भट्टीत कोळसा किती जळतो ते मला कळवायचं आहे. आकडा फुगला तर तिकडचे लोक दुसरीकडून माल घेतील.

आमच्याकडे कोळसा घमेल्यानेच मोजतात. एकाचं वजन कळलं की घमेल्यांच्या संख्येने गुणता येतं, म्हणून एक भरलेलं घमेलं काट्यावर ठेवायला सांगितलं. भट्टी सांभाळणारे काका काठाच्या वर शीग लावूनच भरतात, रोज बघते मी. आज मात्र काट्यावर ठेवण्याआधी त्यांनी तळहाताने ती शीग खाली पाडली.

"काका, काहून पाडली?"

"तुले आकडा कमी पाहिजे ना, बाई. आता लिव."

मी लिहिला. पेन्सिलीने, पण लिहिला. तिकडे युरोपात ज्यांनी शंभर वर्षं धूर सोडला त्यांचं घमेलं कोणी काट्यावर ठेवलं? हा राग खोटा नाही. पण काकांचा खोकलाही खोटा नाही, आणि तो शिगेसकटच्या कोळशाचा आहे.

उद्या पुन्हा वजन करायला सांगू? "मंग ऑर्डर गेली तं?" असं विचारलं त्यांनी, तर काय सांगणार?

आणि ती पाडलेली शीग. मी वही मिटून वळले, तेव्हा काकांनी ती दोन्ही हातांनी गोळा केली आणि भट्टीतच टाकली.