शपथेवर सोडलेला पेशंट

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेले आम्हीसुद्धा आता जिना चढताना कठडा धरतो. तरी आपलं भांडण मिटलेलं नाही, आणि मिटवायची मला घाईही नाही. व्यसनांवरचे उपचार शिकायला माझ्याकडे तरुण डॉक्टर येतात. त्यांच्यातल्या एकीनं परवा विचारलं, मॅडम, तुम्ही हे कुणाकडे शिकलात? आमच्या वेळी असा विषयच नव्हता, असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मी तुमच्याकडेच शिकले, तुमच्या विरोधात जाऊन.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरातलं आपलं ते ट्रस्टचं रुग्णालय कायम भरलेलं, दोन खाटांमध्ये सतरंजी टाकून तिसरा रोगी. मी नवी हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, तुम्ही मेडिसिनचे प्रमुख. छातीवर बोटं ठोकून पाणी कुठवर चढलंय ते तुम्ही सांगायचात आणि एक्स-रे तेच म्हणायचा. आधी रोग्याच्या जवळ जा, वास घ्या, मग तोंड उघडा, असं तुम्ही रोज बजावायचात. एवढं सगळं येणाऱ्या माणसाकडे दारू पिणाऱ्यासाठी मात्र एकच औषध होतं, शपथ. बायको नवऱ्याला धरून आणायची, तुम्ही त्याच्या पोराला पुढे उभं करायचात, बापाचा हात पोराच्या डोक्यावर ठेवायला लावायचात आणि सगळ्या राउंडसमोर वदवून घ्यायचात की आजपासून थेंबही घेणार नाही. बायको रडायची आणि तुम्ही पुढच्या खाटेकडे वळायचात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझेही डोळे भरले होते. शपथेनं एक खाट वाचते हे लक्षात यायला मला वेळ लागला.

पूर्व भागातला तो विणकर तुम्हाला आठवत नसेल. मला रोज आठवतो. तो यंत्रमागावर, बायको विड्या वळायची, घरात तेलुगू. तुम्ही त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून घरी पाठवलंत, आणि तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याला हातगाडीवर घालून परत आणलं. मी दारात उभी आहे. त्याचा सदरा घामानं निथळतोय, सगळं अंग थरथरतंय, आणि दोन्ही हात हवेत. चिमटीत काहीतरी धरतोय, पिळतोय, सोडून दुसरं धरतोय. हे काय चाललंय, असं मी तिला विचारते.

"तुटलेला धागा जोडायलेत, बाई. मागावर हाय असं वाटायलंय त्यांना."

तुम्ही लांबूनच म्हणालात, पुन्हा ढोसून आलाय, बाहेर काढा. मी मात्र तुम्हीच शिकवलेलं केलं. वाकून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा मागमूस नव्हता. बायको सांगत होती की त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नाही, पोरीची शपथ आहे म्हणून बाटली गटारीत ओतली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षानुवर्षं दारूला सरावलेल्या शरीराची दारू एका झटक्यात तोडली की हे असं होतं, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. आपल्या त्या जाडजूड पुस्तकात यावर अर्धं पान होतं. परीक्षेला येत नाही म्हणून तुम्ही ते उलटायला सांगितलं होतंत.

मी त्याला दाखल करूया म्हणाले, तर तुम्ही सगळ्यांसमोर आवाज चढवलात. उद्या टायफॉइडचं पोर आलं तर त्याला काय सांगू, खाटेवर दारुडा झोपलाय म्हणून? मुद्दा हलका नव्हता, आजही नाही. पण तुम्ही तो हातगाडीवरच्या माणसाकडे न बघता मांडलात, आणि माझं डोकं फिरलं.

"सर, यानं शपथ मोडली असती तर आज हा धडधाकट घरी असता. पाळली म्हणून मरतोय."

मग ही तुमची जबाबदारी, एवढंच तुम्ही म्हणालात आणि राउंडला निघून गेलात. मी व्हरांड्यात गादी टाकली. झोपेचं औषध, बी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाईन, आणि उशाशी कुणीतरी सतत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो धागे जोडत होता. मग गाढ झोपला, उठला आणि त्यानं चहा मागितला. तुम्ही जाता जाता त्याची नाडी बघितलीत आणि एक शब्द बोलला नाहीत. मला तेव्हा एक शब्द हवा होता, सर.

काही महिन्यांनी तो पिऊन आला. दारुड्यांच्या डॉक्टरीणबाईंचा पेशंट आलाय, असा निरोप तुम्ही मला पाठवलात आणि सगळे फिदीफिदी हसले. ते नाव मला चिकटलं, मीही ते काढलं नाही. दम्याचा रोगी दर थंडीत परत यायचा, मधुमेहाचा लग्नात जिलब्या हाणून यायचा. त्यांच्या पोरांच्या डोक्यावर तुम्ही कधी हात ठेवायला लावलंत? मी विणकराला विचारलं, पिणं सुरू झालं तेव्हाच का आला नाहीत? तो खाली बघून म्हणाला, "कोणत्या तोंडानं येऊ, बाई? पोरीला ताप आला. माझ्या शपथेनं आला."

शपथेनंतर तो पहिल्यांदा घोटभरच प्यायला होता. त्याच आठवड्यात मुलीला साधा ताप आला, आणि आपणच पोरीच्या जिवावर उठलो असं त्याच्या मनानं घेतलं. मग त्या भीतीनंच तो बुडेपर्यंत प्यायला, आणि रुग्णालयाच्या दारापुढून तोंड लपवून जात राहिला. तुमच्या औषधाचा हा गुण कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता.

त्या खेपेला तो बरा होऊन घरी निघाला तेव्हा बायकोनं मुलीला माझ्यापुढे केलं. "बाई, आता तुमी घाला की शपथ. तुमचं ऐकतेत ह्ये." मी नाही म्हणाले. त्याला सांगितलं, पुन्हा प्यायलात तर पुन्हा या, लपून बसू नका. तुम्ही दारातून ऐकलंत आणि म्हणालात, हे तर पिण्याचं आमंत्रण झालं. तो पुन्हा आला, सर. दर वेळी स्वतःच्या पायांनी आला, आणि मधली अंतरं वाढत गेली. तुमच्याकडे शपथ घेतलेले बाकीचे कुठे गेले ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा दिसले नाहीत म्हणून तुम्ही त्यांना बरे झाले असं धरून चालत होतात.

माझ्या विद्यार्थ्यांना मी औषधांच्या आधी तेच वाक्य शिकवते, पुन्हा या. त्या काळी तुमच्या हातात दुसरं काही नव्हतं, हे मला कळतं. कळतं म्हणून माफ करायला हवं असं नाही, आणि मी करत नाही. हे पत्र कुठे टाकणार, ते खणातच राहील. म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या बाईनं पोरीचं डोकं पुढे केलं आणि तो घाबऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा 'नाही' म्हणण्याआधी मी थांबले होते. शपथ माझ्या जिभेवर आली होती. हे मी विद्यार्थ्यांना अजून सांगितलेलं नाही.