फोन जोडता येणारा मोडेम

बाबा,

आपल्या घरातली तांब्याची तार आता निघणार आहे. खांबावरून बैठकीच्या खिडकीपर्यंत तुम्ही स्वतः ओढून आणलेली आणि भिंतीला वीत-वीत अंतरावर खिळे मारून बसवलेली ती काळी तार. कंपनीचा माणूस मागच्या महिन्यात येऊन सांगून गेला, "मैडम, कॉपर बंद हो रहा है, सबको फाइबर पर जाना है। मोडेम भी बदलेगा, पुराना वाला नहीं चलेगा।" मोडेम आमच्याकडून घ्या नाहीतर बाजारातून आणा, पण आमच्या यंत्रणेशी जुळणारा आणा, असं म्हणून त्याने चालणाऱ्या मोडेमची एक यादी मोबाइलवर पाठवली. निशातगंजच्या याच घरात आम्ही अजून राहतो. आई आहे. माझी मुलगी आहे, तुम्ही न पाहिलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. यादी वाचताना मी एकच गोष्ट शोधत होते: मागच्या बाजूला फोनची तार लावायला जागा आहे की नाही. पुष्कळशा मोडेमना ती नसतेच आता. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "मम्मा, लैंडलाइन रखता कौन है यार? रेंज अच्छी हो, वो वाला लो ना।" मी म्हटलं, आजीला लागतो फोन. आई तिथेच चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. तिने पुढची शेंग उचलली.

मोडेम निवडायचा म्हटल्यावर तुम्ही आठवणारच. कॉलेजात असताना मी शिकवणीच्या पैशातून मैत्रिणीच्या ओळखीने एक मोडेम आणला होता, तुम्हाला न विचारता. फोनची तार त्यात बरोबर बसली, दिवे लागले, मी खूश. पण दर पाच मिनिटांनी लाइन पडायची. तुम्ही रेल्वेच्या टेलिफोन विभागातून दमून आलेले, बूटही न काढता खाली बसलात, मोडेम उलटा करून त्याच्या पोटावरचं बारीक अक्षर वाचलंत आणि मैत्रिणीसमोरच म्हणालात, "नुसतं बसलं म्हणजे जुळलं असं नसतं. पलीकडे काय आहे ते बघितलंस का आधी?" मला इतकं लागलं की मी जेवले नाही. पुढच्या रविवारी तुम्ही दुसरा मोडेम घेऊन आलात, आठवडाभर ऑफिसातल्या लाइनवर चालवून पाहिलेला. तो जोडून मला जवळ बसवलंत. त्याची ती किरकिर, शिट्टी, खरखर सुरू झाली, आणि तुम्ही बोट वर करून म्हणालात, "ऐक. हा विचारतोय, तू किती भरभर बोलू शकतोस? आणि आता तो तिकडून सांगतोय. दोघांचं जमलं की गप्प होतील." ते गप्प झाले तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! मग तुम्ही आणखी एक काम केलंत. आपल्या फोनला कॉल वेटिंग होतं. मी इंटरनेटवर असताना कुणाचा फोन आला की मध्येच टूंक वाजायचं आणि मोडेमची लाइन तुटायची. तुम्ही अर्ज देऊन ते बंद करून आलात. "आता कोणी तोडणार नाही तुला," म्हणालात.

खरंच कोणी तोडलं नाही.

तो शनिवार होता. आई चौक बाजारात गेली होती, भुसावळच्या लग्नात द्यायला चिकनच्या भरतकामाचं कापड घ्यायचं म्हणून. तुमची अर्धी ड्यूटी. आलमबागच्या बस अड्ड्याशेजारी एक पीसीओ होता, बाई चालवायची. त्या बाईंनी नंतर आम्हाला सगळं नीट सांगितलं, आणि इतक्या वेळा मी ते मनात चालवलं आहे की आता मी तिथे उभीच असते. तुम्ही येता. कॉलरचं बटण उघडं आहे. बाई म्हणतात, बाबूजी, बैठ जाइए. तुम्ही म्हणता, घर पे बता दूँ पहले. तुम्ही नंबर फिरवता. एंगेज. पाणी पिता. पुन्हा फिरवता. एंगेज. घाम पुसता, आणि बाईंकडे बघून हसता, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, की हसले आणि म्हणाले, "बिटिया पढ़ रही होगी." तिसऱ्यांदा लावताना तुम्हाला आकडे नीट दिसेनात, म्हणून तुम्ही नंबर एका चिठ्ठीवर लिहून बाईंच्या हातात दिलात. त्यांनी लावला. एंगेज. मग तुम्ही बाकावर आडवे झालात. लोकांनी ऑटोत घालून तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि पीसीओवाल्या बाई ती चिठ्ठी समोर ठेवून आपल्या घरचा नंबर लावत राहिल्या. मी मोडेम बंद केला त्या क्षणी फोन वाजला. त्याच क्षणी, बाबा, जणू तो दाराशी टेकून उभा होता. "बिटिया, कब से लगा रहे हैं, फोन उठाके रखा है क्या?" त्या रागावल्या होत्या. मग माझा आवाज ऐकून त्यांचाच आवाज बदलला. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी सांगितलं की बँकेच्या परीक्षेचे जुने पेपर इंटरनेटवरून उतरवून घेत होते. आईला, मामांना, तेराव्याला आलेल्या तुमच्या ऑफिसातल्या लोकांना. सगळे म्हणाले, पोरगी बिचारी अभ्यास करत होती, तिला काय माहीत. आईने तर एकदाही मला बोल लावला नाही. पुढे त्याच परीक्षेतून मला बँकेत नोकरी लागली, तेव्हा ती तुमच्या फोटोसमोर पेढा ठेवून म्हणाली, "बघा, तिचा अभ्यास वाया नाही गेला." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

तेव्हापासून मी रोज तीन वाजून दहा मिनिटांनी घरी फोन लावते. बावीस वर्षं. बँकेच्या जिन्यात जाते आणि आपला नंबर लावते. रिंग ऐकू आली की छातीतलं काहीतरी सैल होतं. आई उचलते, म्हणते, "हं." मी म्हणते, "काही नाही, सहजच." रविवारी मी घरी असते तर गच्चीवर जाऊन लावते आणि खाली तो वाजलेला जिन्यातून ऐकू येतो. आई भुसावळला गेली की रिकाम्या घरात लावते, पुष्कळ वेळ वाजू देते. कधी कधी खरंच एंगेज लागतो. कुणीतरी आईशी बोलत असतं, एवढंच. पण तो टूं टूं टूं कानात शिरला की जिन्याचा कठडा धरावा लागतो, आणि मी आलमबागला असते, त्या काउंटरच्या तुमच्या बाजूला. पुढे नेट आणि फोन दोन्ही एका वेळी चालणारं ब्रॉडबँड आलं तेव्हा मी हट्टाने त्याच नंबरावर घेतलं. लोक वेग विचारतात, मी विचारलं होतं, "नेट चालू असेल तेव्हा फोन वाजेल ना?"

म्हणून आताही तेच. यादीत फोन जोडता येणारे दोनच मोडेम होते, ते कंपनीकडेही नव्हते आणि बाजारातही मिळेनात. शेवटी एका दुकानदाराने तिसराच काढून दिला, फोनची जागा असलेला. "सब में चलता है मैडम," म्हणाला. मी घेतला. यादीत नाही हे दिसत होतं, तरी घेतला. कंपनीचे तंत्रज्ञ जोडायला आले, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. फाइबरची बारीक पिवळी तार त्यांनी मागे लावली, ती अगदी बरोबर बसली. पण एक हिरवा दिवा लुकलुकतच राहिला, स्थिर होईना. त्यांनी मोडेम उलटा केला, बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, "मैडम, ये ईपॉन है, हमारा सिस्टम जीपॉन है। तार एक ही है, बोली अलग है। ये बेचारा पूछता रहेगा, उधर से कोई जवाब नहीं देगा।" मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. मुलगी घाबरली. "मम्मा, क्या हुआ? मोडेम ही तो है, रिटर्न हो जाएगा।"

तो परत केला. पंधरा दिवस खटपट करून यादीतला एक मिळवला. या वेळी पलीकडे काय आहे ते आधी बघितलं: मॉडेल, कुठल्या पद्धतीचा, कंपनी त्यावर फोन चालू करून देते का, सगळं दोनदा विचारून घेतलं. तेच तंत्रज्ञ पुन्हा आले. या खेपेला दिवा दोन मिनिटं लुकलुकला आणि थांबला, नुसता हिरवा. मुलीचा मोबाइल लगेच जोडला गेला. मग त्यांनी फोनची तार हातात घेतली आणि आईला विचारलं, "माताजी, फोन भी चालू कर दूँ? नंबर वही रहेगा।"

आई म्हणाली, "नहीं भैया. फोन मत लगाइए."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "अगं आई, नंबर तोच राहणार आहे. तुझ्यासाठीच तर शोधला हा मोडेम."

"माझ्यासाठी?" आई खुर्चीत बसली. "मला नकोय गं तो. रोज तीनला मी त्याच्यापाशी येऊन बसते. वाजला की दर वेळी वाटतं, हेच आहेत. चौथ्यांदा लावतायत."

"मग उचलतेस कशाला रोज?"

"तुला ऐकायचं असतं ना, लागतोय म्हणून. मला काय कळत नाही? म्हणून उचलते."

मुलगी दारात उभी होती. ती कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "आजी, तू रोज एकटी बसायचीस?" आईने तिला जवळ ओढलं. तंत्रज्ञ हातातली तार गुंडाळत उगाच मोडेमकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो फिर मैडम, बिना फोन वाला ही ले लेतीं. सस्ता पड़ता, आसानी से मिलता।" मी मान हलवली. नंबर सोडून देण्याच्या फॉर्मवर आईने सही केली. तुमच्या नावाचं कनेक्शन मागेच तिच्या नावावर झालं होतं. फोन मी कपाटात ठेवणार होते, पण आई म्हणाली, घरात नकोच. तो तंत्रज्ञ घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात गेले, मोबाइल काढला आणि तसाच ठेवून दिला. सुटत नाही अजून. तीन वाजले की हात पर्सकडे जातो, कठडा धरते, वेळ जाऊ देते. आणि आई आता दुपारी झोपते. मागच्या शुक्रवारी मला सुट्टी होती. तीनला मी आतल्या खोलीत डोकावले तर ती कुशीवर, गालाखाली हात घेऊन, घोरत होती. इतकी वर्षं मी तिला दुपारी झोपू दिलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले. ठरवलं होतं की ती उठली की आज सांगून टाकायचं. ती उठली, म्हणाली, "चहा टाकतेस?" आणि मी चहा टाकला.

तिला नाही सांगितलं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. त्या दिवशी पेपर केव्हाच उतरवून झाले होते. जेवणाआधीच. दुपारी लाइन पुन्हा लागायला त्रास होतो, संध्याकाळी पुन्हा बसायचंय, म्हणून मी ती तशीच जोडलेली ठेवली आणि पंखा लावून आडवी झाले. मी अभ्यास करत नव्हते, बाबा. मी झोपले होते. छान झोप लागली होती, जाग आली तेव्हा अंग हलकं झालं होतं. मी आळस देऊन उठले आणि मोडेम बंद केला.

हे बँकेच्या जुन्या स्लिपांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. आता फाडून टाकीन. तुम्ही हे वाचाल असं मला जराही वाटलं असतं, तर झोपेचं लिहिलं नसतं.