नकाशावरचं बाभूळबन

अण्णा,

आज डोळ्याच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोरची अक्षरं वाचा म्हणाल्या. मोतीबिंदू आहे, पण अजून कच्चा. अक्षरं बऱ्यापैकी दिसत होती. तरी मी पहिल्या ओळीशीच थांबले. ती पोर मला धीर द्यायला लागली, आजी घाबरू नका, हल्ली काही दुखत नाही. एका डोळ्यानं जग कसं सपाट होतं ते तुम्ही ऑफिसात कुणाला न सांगता सोसलंत, आणि मला ते आज, ह्या वयात, तिच्या हाताआडून कळलं. घरी आले ती लिहायलाच बसले.

आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या जागी मला नकाशांच्या ऑफिसात घेतलं. शिक्षण सातवी. काम काय, तर माठ भरायचा, फायली इकडून तिकडं न्यायच्या. जेवणाच्या सुट्टीत टाकून दिलेल्या ट्रेसिंग कागदावर मी ओढे गिरवत बसायचे, वेळ जावा म्हणून. ते तुम्ही पाहिलंत आणि साहेबांना जाऊन सांगितलंत की ह्या बाईंचा हात कापत न्हाय, ह्यांना टेबल द्या. बाकीची मंडळी हसली. एकानं विचारलंसुद्धा, मग माठ कोण भरणार. तुम्ही म्हणालात, "तहान लागंल त्यो भरंल की." त्या दिवसापासून तुम्ही मला अक्का म्हणायला लागलात. वयानं तुम्ही वीस वर्षांनी मोठे, तरी अक्का.

मग ते दोन काचांचं यंत्र, स्टिरिओस्कोप. विमानातून एकाच जागेचे थोड्या अंतरानं काढलेले दोन फोटो खाली शेजारी शेजारी ठेवायचे, वरून दोन्ही डोळ्यांनी बघायचं, की जमीन उभी राहते. तीन दिवस मला काही दिसलं नाही, नुसते करडे डाग. चौथ्या दिवशी एकदम टेकडी अशी वर आली की नाकाला लागेल म्हणून मी मागं सरले. तुम्ही पोट धरून हसलात. विहीर कशी ओळखायची, ज्वारीचं रान आणि गवताचं रान ह्यांत फरक कसा, बोरीची सावली किती आणि बाभळीची किती, हे सगळं तुमच्याकडून शिकले. तुम्ही तरुणपणी साखळी घेऊन अर्धा जिल्हा पायी मोजलेला. बोट ठेवाल तिथला ओढा तुम्हाला पाठ.

बहात्तरच्या दुष्काळानंतर ते मोठं काम आलं. जुने नकाशे होते, नवे फोटो आले होते. कुठं झाडं राहिली, कुठं गेली, कुठं गवत होतं तिथं आता मुरूम उघडा पडलाय, हे गावागावाचं मांडायचं. त्यावरून झाडं लावायची नि चाऱ्याची कामं कुठं घ्यायची ते ठरणार होतं. साहेबांनी पुण्याहून उपग्रहानं काढलेलं एक चित्रही आणलं होतं. त्यात हिरवं होतं ते तांबडं दिसायचं. अख्खा जिल्हा राखेच्या रंगाचा, आणि भीमेच्या कडेनं तेवढा एक तांबडा दोरा. तुम्ही ते नाकाजवळ धरून म्हणालात, एवढ्या वर गेल्यावर देवाचा बी डोळा बिघडतोय वाटतं. सगळे हसले. तुम्ही ते चित्र इतकं जवळ का धरलंत, हा विचार तेव्हा कुणाच्या मनाला शिवला नाही.

त्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. डावा फोटो उजवीकडं आणि उजवा डावीकडं, असे उलटे ठेवले गेले. असं झालं की सगळं फिरतं. ओढा भिंतीसारखा उभा राहतो आणि टेकडीचा खड्डा होतो. शिकाऊ माणूसही ओरडेल. तुम्ही वाकलात, काचांना डोळे लावलेत आणि शांतपणे म्हणालात, टेकडी बरोबर हाय, पायथ्याला गवत लिवा, पुढचं घ्या. तुम्ही चहाला गेल्यावर मी वाकून बघितलं तर टेकडीच्या जागी खड्डा. आधी वाटलं चेष्टा केली असेल. मग पुढचे दोन दिवस नुसती तुम्हाला बघत राहिले. तुम्ही फोटो बघतच नव्हता, अण्णा. तुम्ही आठवून सांगत होता. आठवण तुमची इतकी पक्की की बहुतेक बरोबर यायचं. पण काम होतं बदललं काय ते सांगायचं, आणि तुम्ही सांगत होता जे होतं ते.

मोडनिंबच्या बाजूच्या एका गावाचा कागद तेव्हाच पुढ्यात आला. ओढ्याकाठी बोट ठेवून तुम्ही म्हणालात, दाट बाभूळबन. मला फोटोत बुंधे दिसत होते. दुष्काळात लोकांनी फांद्या शेळ्यांना घातल्या, खोडं सरपणाला नेली, सावली म्हणून कुठं पडत नव्हती. मी पेन्सिल धरून बसले, आणि लिहिलं, दाट बाभूळबन. कागद पुण्याला गेला.

रविवारी वहिनींनी जेवायला बोलावलं. तुम्ही पुढच्या खोलीत रेडिओला कान लावून बसला होता. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डाव्या डोळ्यानं त्यांना कायबी दिसत न्हाय. काचबिंदू हाय. उजवा बी चाललाय. तुमाला कळलंय ते मला कळलंय. तिसऱ्याला कळू देऊ नका." निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. डॉक्टरी तपासणी झाली असती तर तुम्हाला घरी बसवलं असतं. मी त्यांच्या पिठाच्या हातावर हात ठेवला. तिथून पुढं रोज जेवणाच्या सुट्टीत मी तुमचे कागद काढून पुन्हा बघायचे, पेन्सिलीनं दुरुस्त करायचे, मग शाई. तुम्ही सही करायचात. पुण्याला गेलेला तो बाभूळबनाचा कागद तेवढा परत मागवला नाही. मागवायचा तर कारण लिहून द्यावं लागलं असतं.

चार-पाच महिन्यांनी त्या गावचा एक धनगर ऑफिसात आला. खांद्यावर घोंगडं, वहाणा दाराबाहेर काढलेल्या. कामांच्या यादीत त्याचं गाव नव्हतं. गावात झाडोरा भरपूर आहे असं उत्तर मिळालं होतं. साहेबांनी नकाशा काढला, तुम्हाला बोलावलं, मलाही. तो म्हणाला, "आमच्या गावात बाभूळबन हाय म्हणं. चला की दाखवायला. माझी शेरडं बी कवापास्नं हुडकत्यात." कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही ताठ उभे राहून सांगितलंत, मी सोता फिरलोय तितं. त्यानं एवढंच विचारलं, "कवा?"

साहेब माझ्याकडं वळले. बाई, फोटो तुम्हीही बघितलाय, काय आहे तिथं? आणि मी म्हणाले, बन आहे, साहेब.

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखा. मग वहाणा घालून गेला.

पुढं जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला लिहायचंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकलीत आणि एकटे एसटीनं त्या गावाला गेलात. तो धनगर तुम्हाला हाताला धरून ओढ्यात घेऊन गेला म्हणे. तुम्ही वाकून एकेक बुंधा हातानं चाचपलात. आलात ते थेट साहेबांच्या खोलीत. चूक माझी, बाईंनी मी सांगितलं तेवढंच लिवलं, मला दिसत न्हाय, असं सगळं उभ्या उभ्या सांगितलंत. बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी थांबलात. मला वाटलं पाठीवर हात ठेवाल.

"माझा डोळा गेला त्यो रोगानं गेला, अक्का," तुम्ही म्हणालात. "तुमाला दिसत हुतं."

एवढंच. त्यानंतर तुम्हाला आवक-जावकच्या खिडकीत बसवलं, आणि तिथं तुम्ही वर्षसुद्धा काढलं नाहीत. त्या गावाचं नाव पुढच्या यादीत घालतो असं साहेब म्हणाले होते. घातलं की नाही, मी विचारलं नाही. तुमचं टेबल मला मिळालं. त्याच काचांतून मी वीस वर्षं जमीन बघितली, आणि हाताखालच्या पोरींना शिकवताना तुमचंच नाव घेतलं. मोडनिंबच्या वाटेनं एसटीतून जाताना मात्र खिडकीकडची जागा कधी धरली नाही.

तुम्ही गेल्यावर वहिनींनी मला घरी बोलावून इरकल लुगडं नेसवलं. आलेल्या गेलेल्याला सांगायच्या, आमच्या माणसासाठी ह्या बाईनं खोटं आपल्या शिरावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकायचे. लोकांना ते विनयाचं वाटायचं. वहिनी गेल्या त्याही ह्याच समजुतीत.

साहेबांनी विचारलं ना, अण्णा, त्या घटकेला माझ्या मनात तुमचा डोळा नव्हता. निवृत्ती नव्हती, वहिनीही नव्हत्या. मला माठ दिसला. मला टेबल देणारा माणूस गेला तर टेबलही जाईल, आणि उद्यापासून मी पुन्हा दाराशी पाणी भरत उभी, एवढंच दिसलं, अगदी स्वच्छ. म्हणून मी बन आहे म्हणाले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ह्याचं मला बरं वाटतंय. तुमचा पत्ता असता तर तुमच्या डोळ्यासाठी खोटं बोलले, इथपर्यंतच मी लिहिलं असतं आणि खाली सही केली असती.