बसण्याआधीचा मुद्दा

हसनाबाद, ६ जानेवारी

तीर्थरूप दादांना दैवशालाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. जाफराबादला थंडी असेल. मफलर खुंटीला नको, गळ्यात असू द्या.

बारावीचा मराठीचा पेपर जवळ आला. तुम्ही आयुष्यभर मुलांना उत्तरं फळ्यावर लिहून दिलीत. मी वर्गात भांडणं लावते म्हणून हसता. पण ‘तुमचे मत लिहा’ या प्रश्नाला आधी मत लागतं ना, दादा! माझा नियम एकच: बोलून झालं की समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा सांगायचा, मगच खाली बसायचं.

परवा सरावाला एक उतारा दिला. मुलगी शहरात परीक्षा देतेय, गावी आई मरणाच्या दारात आहे, आणि बाप पोस्टकार्डावर कळवतो की आई बरी आहे, पेपर नीट लिही. बापाचं बरोबर का? प्रितम म्हणाला की पोरगी येऊन काय करणार होती, ती काय डॉक्टर हाय का? वर्ग हसला. मग पायल उठली. म्हणाली की बापानं पेपर वाचवला, पण आईची भेट गेली, तिची फेरपरीक्षा कधी? मात्र बापाच्या बाजूचा मुद्दा तिला सांगता येईना. घंटा होईपर्यंत उभी होती. मलाही सुचला नाही. तुम्हीच कळवा, तिला सांगेन.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
दैवशाला


जाफराबाद, १५ जानेवारी

चि. दैवशाला हिस अनेक आशीर्वाद.

तो उतारा कुठल्या पुस्तकातला न्हाई, हे वाचताक्षणी कळलं. ते पोस्टकार्ड माझंच. चोवीस वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही.

बापाचा मुद्दा मागितलास, तो मी सांगणार न्हाई. तुझ्या नियमानं मला पोरीच्या बाजूचा सांगायचाय. कौसल्या दोन दिवस दाराकडं पाहत होती. ती भेट तुम्हा मायलेकींची होती, ती घालवणारा मी कोण? पेपर पुढच्या वर्षी देता आला असता.

आता दुसरं. माझ्या हृदयाची एक नळी अरुंद झालीय. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ती नेमकी तुमच्या मराठीच्या पेपराची. पेपर सुटेपर्यंत तू दरसाल फाटकाशी उभी असतेस. तब्येत ठीक आहे असं एक कार्ड लिहून ठेवलं होतं. आज सकाळी फाडलं.

काय करायचं ते तू ठरव. लोभ मागायचा हक्क उरला असेल, तर तो असू दे.

तुझे दादा


हसनाबाद, २० जानेवारी

तीर्थरूप दादांना नमस्कार. वि. वि.,

पत्र चार वेळा वाचलं. पेपराच्या आदल्या दिवशी येते, जालन्याला सोबत जाऊ. फाटकाशी यंदा भागवत सर उभे राहतील. ते पोरांना पेढे वाटतील आणि निम्मे स्वतःच खातील, पण ते चालेल.

काल वर्गात सांगितलं की उतारा माझ्याच घरचा आहे, आणि त्यातली मुलगी चोवीस वर्षं उभीच आहे. मग बापाचा मुद्दा सांगितला. म्हटलं, आईला पाणी पाजून तो ते कार्ड लिहायला बसला, तेव्हा ‘नको लिहू’ म्हणायला त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. तो एकटा होता. आणि ज्या पोरीजवळ रडता आलं असतं, तिलाच त्यानं दूर ठेवलं.

पायलनं माझी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, बाई, बसा आता.

मी बसले, दादा.

तुमची
दैवशाला