मिटन तळ्याची सोपी वाट

मी, वर्ना प्रुइट, कै. लॉइड प्रुइट यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार कॉपर फोर्क, वायोमिंग, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. जे टाकायला आले होते, त्यांना फाटकावरूनच परत धाडले. आधीचे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने शेगडीत घातले आहे, ते कोणी शोधत बसू नये. हे लिहिताना मला राग आलेला नाही, किळस आली आहे. रागात माणूस चार दिवसांनी शब्द मागे घेतो. माझ्या बाबतीत तशी आशा ठेवू नये.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई ग्रेटा हॅस्केल यांनी करावी. त्या मासे खात नाहीत आणि कोणाच्या लाडीगोडीला भुलत नाहीत. तळ्याच्या कामाला असेच माणूस बरे.

२. बँकेत जे काही उरेल ते गावच्या अग्निशमन दलाला द्यावे. आमचा गोठा जळाला तेव्हा ही मंडळी गोठा जळून गेल्यावर पोहोचली, पण आली, आणि रात्रभर लॉइडच्या शेजारी उभी राहिली. पैशातून पाण्याचे पाइप घ्यावेत. मेजवानी केली तर मी वरून बघत असेन.

३. धाकटी बहीण डोरीन हिला आईचा चिनी मातीचा सेट. तो तिच्याकडेच आहे. आईला पुरून आलेल्या बायका बैठकीत कॉफी पीत होत्या, तेवढ्यात हिने स्वयंपाकघराच्या दाराने तो गाडीत भरला. आता तो रीतसर तिला दिला असे समजावे, म्हणजे तिला झोप लागेल. शिवाय माझा बिडाचा तवा तिला द्यावा. डोरीन ट्राउट मासा भट्टीत भाजते आणि वर बदामाचे काप पेरते. ट्राउट मक्याच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळायचा असतो. साठ वर्षे सांगितले, ऐकले नाही. आता तवाच सांगेल.

४. डोंगराकडची जमीन. माझ्या घरामागून फाटक, फाटकातून पाऊलवाट, आणि वाटेच्या शेवटी मिटन तळे. तळे सरकारचे, फाटक आणि वाटेचा पहिला तुकडा माझा. माझ्या तुकड्यातून गेले तर म्हातारा माणूसही तळ्यावर जाऊन, मासे धरून, जेवणाच्या वेळेला घरी येतो. दुसऱ्या बाजूने जायचे तर खिंड ओलांडावी लागते, आणि खिंडीत धडधाकट माणसाचाही दम निघतो.

या कलमाबद्दल मला जास्त लिहायचे आहे. वकीलबाई म्हणाल्या, "वर्नाबाई, मृत्युपत्रात एवढं पाल्हाळ नसतं हो." मी म्हणाले, "मरणार मी, पाल्हाळ माझं. तुम्ही टाइप करा."

मिटन तळ्यात मुळात मासे नव्हते. माझ्या वडिलांनी ते नेले. दुधाच्या कॅनमध्ये ट्राउटची बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्ले घालून खेचरांवरून वर चढवायची. खेचर चालते आहे तोवर कॅनमधले पाणी हिंदकळते आणि त्यात हवा मिसळते. खेचर थांबले की पाणी निवांत, आणि पिल्ले गुदमरून पोट वर करतात. पहिल्या खेपेला एका उभ्या चढावर खेचरे अडली आणि वडिलांनी वर नेऊन ओतले ते सगळे मेलेले. त्यानंतर दोन उन्हाळे त्यांनी पहार घेऊन ती वाट अशी बांधली, की खालून वरपर्यंत खेचराला कुठेही थांबावे लागू नये. म्हणून ती सोपी आहे.

आणि आमची एक रीत होती. फाटक उघडण्याआधी माझे दार वाजवायचे, कॉफी प्यायची, आपण कोणाचे कोण ते सांगायचे. परतताना काय मिळाले ते खरे सांगायचे. खोटे सांगणाऱ्याला पुढच्या खेपेला कॉफी पाणचट मिळे. तळ्याचे नाव परक्याला कोणी सांगत नसे. न्यायचेच असेल तर स्वतः बरोबर घेऊन जायचे. या रीतीवर तीन पिढ्यांनी मासे खाल्ले आणि एकाही पिढीने घाण केली नाही.

मग माझा भाचा, डोरीनचा मुलगा ट्रेंट, याने इंटरनेटवर लिहिले: 'ट्राउटसाठी एका दिवसात होणाऱ्या सोप्या तळेवाटा.' मिटन पहिल्या क्रमांकावर. फाटकाचा फोटो. 'गाडी लावायला भरपूर जागा.' ती जागा म्हणजे माझे बटाट्याचे वाफे.

त्या उन्हाळ्यात मी काय पाहिले ते लिहिते, म्हणजे न्यायाधीशांना माझी किळस समजेल. खडकांवर माशांची आतडी पसरलेली आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. झुडपाच्या फांदीला पिशवीत बांधून लटकवलेला बाळाचा लंगोट, जणू कोणी नंतर येऊन घेऊन जाणार आहे. देवदारांच्या मागे कागद, आणि कागदाखाली जे असते ते. पाण्यावर, ऊन लागू नये म्हणून अंगाला फासतात त्या मलमाचा तेलकट तवंग. नायलॉनचा दोरा अडकून पाय काळा पडलेली बदकी. आणि मासे! कल्ल्यात बोटे खुपसून धरायचे, हसायचे, सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, मग 'सोडून दिला' म्हणत पाण्यात फेकायचे. मासा उलटा तरंगत जातो आणि हे टाळ्या वाजवतात. पोटासाठी मारलेल्या माशाबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. हे मारणे पोटासाठी नव्हते.

ट्रेंटला बोलावले. तो खुशीत आला.

"मावशी, अगं तुझं तळं किती लोकांना आवडलंय बघितलंस का?"

"बघितलं. त्यांच्यामागून पिशवी घेऊन फिरतेय ना."

"थोडा कचरा होणारच गं. निसर्ग सगळ्यांचा असतो."

"आणि काय रे, 'निसर्गानेच घडवलेली सोपी वाट' असं लिहिलंयस? निसर्गाने? तुझ्या आजोबांच्या पाठीने घडवली, मेल्या! निसर्गाने तिथे कडा ठेवला होता."

"बरं, ते वाक्य बदलतो."

वाक्य बदलतो म्हणे! मी त्याला कॉफी न देता घालवले. माझ्या घरातून कॉफी न पिता गेलेला तो पहिला नातेवाईक.

म्हणून या कलमाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, की मी मेल्यावर फाटकाला कुलूप घालावे, ओढ्यावरचा लाकडी पूल तोडावा, आणि वाटेवर ठिकठिकाणी सुरुंगाने दगड पाडून ती कायमची बुजवावी. तो मसुदा साक्षीदारांसमोर वाचला गेला. साक्षीदारांपैकी एक अर्लो स्टाउट, माझा शेजारी, आयुष्यभर घोड्यांना नाल ठोकणारा. आता त्याची फुप्फुसे कामातून गेली आहेत. ऑक्सिजनची टाकी चाकांच्या गाडीवर ठेवून तो ती मागे ओढत चालतो. त्या गाडीसकट त्याला जाता येईल असे या साऱ्या डोंगरात एकच तळे आहे. वाचन संपले तसे त्याने पेन टेबलावर ठेवले.

"सही करत नाही."

"का? हात दुखतोय?"

"दगड टाकलेस तर ती पोरं उड्या मारत जातील, वर्ना. वर त्याचेच फोटो काढतील. अडकेन तो मी."

"तुझ्या एकट्यासाठी मी तो उकिरडा उघडा ठेवू?"

"ठेव की. माझ्यासाठी आजवर दुसरं काय केलंयस?"

लुआन बिक्सबी, दुसरी साक्षीदार, हसू दाबायला खोकली. मी मसुदा पुन्हा डोळ्यांसमोर धरला. वडिलांनी जिवांना दम लागू नये म्हणून वाट बांधली, आणि मी ती नेमकी दम लागणाऱ्याच्याच तोंडावर बंद करायला निघाले होते. ट्रेंटच्या पाहुण्यांनी मला इतके नासवले होते.

मी म्हणाले, "मग जमीन तुझ्याच नावाने करते. लिहा वकीलबाई."

अर्लोने पेन उचलले आणि कोणी काही बोलायच्या आत साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. वकीलबाई ओरडल्या, "अहो स्टाउट! साक्षीदाराला वारसा घेता येत नाही!"

"ठाऊक आहे, म्हणूनच तर केली," तो म्हणाला. "मी हिच्याआधी जाणार. मेलेल्याच्या नावावर जमीन करून काय उपयोग? आणि ते लंगोट मी उचलू होय?"

माझ्या सहीआधी केलेली साक्षीदाराची सही चालत नाही म्हणून तो कागद फाडावा लागला. पण पेन त्याने खिशात घातले आणि नव्या कागदावरही साक्षीदार आपणच, असे बजावले. त्याच्या प्रश्नावर मात्र मी रात्रभर विचार केला. लंगोट कोणी उचलायचे? त्याचे उत्तर पुढे आहे.

घर, फाटक आणि वाटेचा तुकडा मी भाचा ट्रेंट यास देते. त्याने ते माझ्या अटींवर घ्यावे. फाटकाला कधीही कुलूप घालू नये. त्याने बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत या घरात स्वतः राहावे. दार वाजवणाऱ्या प्रत्येकाला कॉफी द्यावी आणि कोणाचे कोण ते विचारावे. न वाजवता जाणाऱ्याच्या मागे जाऊन विचारावे. संध्याकाळी पिशवी आणि फावडे घेऊन तळ्याला चक्कर मारावी, आणि जे दिसेल ते हाताने उचलावे. भाडोत्री माणूस लावू नये. जगाला वाट त्याने दाखवली. जगाच्या मागून त्यानेच चालावे. पुलाची फळी कुजली तर त्याच दिवशी बदलावी, कारण अर्लोच्या गाडीची चाके लहान आहेत. यातली एकही अट मोडली तर सगळे डोरीनला जावे. डोरीन ते दुसऱ्या दिवशी विकून टाकेल हे ट्रेंटला चांगले माहीत आहे.

५. वडिलांची बांबूची गळकाठी या मृत्युपत्रात नाही. ती मी काल कुंपणावरून अर्लोच्या हातात दिली. जिवंतपणी दिलेल्या वस्तूला साक्षीदार लागत नाही.

६. मला जाळावे. प्रार्थना आखूड ठेवावी. माझी राख मिटन तळ्यात टाकू नये. त्यात लोकांनी आधीच पुष्कळ टाकले आहे. पुलाच्या वर, जिथे वाट उत्तरेकडे वळते, तिथे ऊन पोहोचत नाही आणि जूनपर्यंत बर्फ असतो. आम्ही अशा जागी शेगडीची राख टाकतो, म्हणजे पाय घसरत नाही. माझी तिथे टाकावी. अर्लो तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी टाकावी, आणि कोणाची आहे ते त्याला सांगू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच आहे. फक्त सहावे कलम मी स्वतःच्या हाताने लिहून घडी घातली आहे; साक्षीदारांनी ते न वाचता सही केली.

सही: वर्ना प्रुइट

साक्षीदार:
अर्लो स्टाउट, नालबंद, निवृत्त (पेन माझ्याकडेच आहे)
लुआन बिक्सबी, कॉपर फोर्क

मुक्काम कॉपर फोर्क, वायोमिंग
दि. १९ ऑक्टोबर २०२१