घरटी एक माणूस

मु. अष्टमी, रोहा
श्रावण सुरू झाला त्या आठवड्यात

प्रिय मृणाली,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या मूर्तींच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. गणपतीचे दिवस जवळ आले की तिथे मान वर करायला फुरसत नसते, ते मला ठाऊक आहे. तरी रंगाचे हात पुसून, जेवणाच्या सुट्टीत एकटी असशील तेव्हाच हे फोड. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी या एका खोलीत मला हवं ते बोलता येणार नाही. तुझा शेवटचा फोन अजून कानात आहे. "वयनी, बांधावर आपलं घर पुकारलं तवा बाबांनी मान खाली घातली. मंग मी उतरले. तुमी तिकडं नळाचं पाणी प्या." एवढं बोलून तू फोन ठेवलास. पेणच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हापासून मी तुझी वैशू. लग्न होऊन तुमच्या घरात आले, तरी तू मला कधी वहिनी म्हणाली नव्हतीस. त्या दिवशी म्हणालीस.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. खाडीकाठच्या तुमच्या खारीत लग्न करून आले तेव्हा बांध म्हणजे शेताचा बांध, एवढंच मला माहीत होतं. माझं माहेर कोलाडच्या आतल्या अंगाला. भात निघालं की वाल पेरायचे, आणि पाण्याला कधी तोटा नाही. समुद्राला शेताबाहेर थोपवून धरावं लागतं, हे मला तुझ्या आईने दाखवलं. खाडीकडे बोट करून त्या म्हणाल्या होत्या, "ह्यो बांध हाय म्हणून गाव हाय. उधाणाला बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस निंगतो. कुणाची जमीन बुडते ते इचारायचं नाय." मोरूकाका बांधावर उभे राहून एकेक घर पुकारतात आणि चिखलातून "हाय" असं उत्तर येतं, ते मी पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं. "हिरामणचं घर" असं बाबांचं नाव पुकारल्यावर तुझा दादा कमरेएवढ्या चिखलातून ओरडला होता. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते उत्तर त्याचंच होतं. मला त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला होता. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू चिडवलं असतंस.

दिवाळीनंतर आम्ही इथे आलो. टेम्पोत सामान चढवताना बाबा दाराशी उभे होते, आठवतं? लोक नव्या घरी जाताना देव नेतात, तांब्याचा हंडा नेतात. तुझ्या दादाने सगळ्यांत आधी फावडं चढवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत ते दारामागे उभं केलं, तेव्हा शेजारच्या अनिताताई हसून म्हणाल्या, "भाऊ, लादी उकरणार हाव काय?" तो म्हणाला, "गावाला बोलावणं आलं की लागंल." फावडं गावीही मिळालं असतं. पण उधाणाच्या दिवशी ते शोधण्यात वेळ जायला नको, असं त्याचं म्हणणं.

माझी तऱ्हा त्याहून वेगळी नव्हती. इथे नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी येतं. पण तुमच्याकडे टँकरची वाट पाहत वर्ष काढलेलं, त्यामुळे मी पातेली, तांबे, डबे, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवायची. अनिताताई एकदा म्हणाल्या, "आगो वैशाली, पाणी पलून जानाराय का?" मी हसले, पण दुसऱ्या दिवशीही सगळं भरलं. मी पाण्याच्या गावची, आणि पाणी संपायची भीती मला तुमच्या घरात लागली. ती जाईपर्यंत होळी उजाडली. मग हळूहळू बाजार कळला, सुकी मासळी कुणाकडे चांगली ते कळलं, कंपनीच्या बसचा हॉर्न ओळखू यायला लागला. रविवारी आम्ही पुलावर जायचो. कुंडलिका नदीचं पाणी भरतीला कसं उलटं वर सरकतं ते पाहून तुझा दादा सांगायचा, आता आपल्या बांधावर पाणी कुठपर्यंत आलं असेल. माणसं पुलावर गार वाऱ्याला येतात, हा गावाकडची भरती बघायला यायचा. मला वाटायचं, एवढं गाव मनात असलेला माणूस इथे रमेल की नाही. पण रमला. पगाराच्या पैशातून पंखा घेतला, खिडकीला पडदा लावला. एका संध्याकाळी म्हणाला, "बाबांना हेच पायजे होतं. पोराच्या पायाला चिखल नको."

ते खरंच आहे ना, मृणाली? मिठागरात जन्म काढलेल्या तुझ्या बाबांनीच धाटावच्या केमिकल कंपनीतली ही नोकरी लावून दिली. ओळखीच्या माणसाकडे खेपा घातल्या, ज्याच्यापुढे कधी वाकले नव्हते त्याच्यापुढे हात जोडले. दादाचा जीव मिठागरात होता. तो गेला तो बाबांच्या शब्दाखातर. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव.

उन्हाळ्यात तो ट्रेनिंगसाठी बडोद्याला गेला आहे, असं आम्ही तुम्हाला कळवलं होतं. तो बडोद्याला गेला नव्हता. इथेच दवाखान्यात होता. कामावर एका पाइपचा जोड सुटला आणि गॅस बाहेर आला. बाकीचे बाहेर पळाले. एक नवा मुलगा आत अडकला होता, त्याला ओढून आणायला तुझा दादा परत आत गेला. तो मुलगा आता बरा आहे, कामावर येतो. तुझ्या दादाच्या छातीत मात्र तो गॅस बसला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं हळूहळू भरून येतील, पूर्ण येतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. जड काम करायचं नाही, दमायचं नाही. कंपनीने उपचार केले आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. आता तो खुर्चीवर बसून सामानाची नोंद करतो. घरी येताना पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबतो आणि वाकून बुटाची नाडी बांधतो. नाडी सुटलेली नसते. वरून मी पाहते आणि आत येऊन चहाचं आधण ठेवते. वर पोचल्यावर त्याला काही सांगावं लागू नये, म्हणून.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं, की गावी कळता कामा नये. मी भांडले. आईला तरी सांगू या म्हटलं. तो म्हणाला, "बाबांना कळलं तर ते मला काय बोलायचे नाय. सोताला बोलतील. म्हणतील, मीच धाडला पोराला. आधीच गुडघ्यानं बसलेत, मंग कायमचे बसतील." आणि वर म्हणाला, "रागावलेला बाप चालंल गो. खचलेला नको." मग मी शब्द दिला.

आता अमावास्येची गोष्ट. तू समजतेस तसं झालं नाही. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. भरतीच्या वेळेला आम्ही पुलावर गेलो आणि त्याने कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं. म्हणाला, आज आपला बांध टिकत नाही. आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच त्याच्या दोस्ताचा, आदेशचा, गावाहून फोन आला, खांड पडली म्हणून. त्याने दारामागचं फावडं उचललं. मी दार अडवलं. बारा वर्षांच्या मुलीने अडवावं तसं, दोन्ही हात पसरून. तो रागावला नाही. म्हणाला, "वैशू, घर पुकारतील." मी बाजूला झाले. रिक्षा दिसेना, म्हणून स्टँडकडे चालत निघालो. पूल अर्धा झाला आणि त्याचा श्वास पुरेना. कठड्याला धरून उभा राहिला, मग फावड्याच्या दांड्यावर भार देऊन खाली बसला. येणारी-जाणारी माणसं पाहत होती. एक बाई पाण्याची बाटली देऊन गेली. मी त्याची पाठ चोळत होते आणि तो खालच्या पाण्याकडे बघत होता. ओहोटी लागली होती. मला म्हणाला, "आता मोरूकाका घरं पुकारत असतील." तिथेच बसून, श्वास जरा खाली बसल्यावर, त्याने बाबांना फोन लावला आणि सांगितलं, सुट्टी नाही मिळाली. बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. नंतर तुझा फोन मला आला. तू चिखलात उतरलीस, तुझा पाय शिंपल्याने कापला, आणि मोरूकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "रोह्याचा पगारदार कशाला चिखलात उतरंल? बायको सोडंल तवा ना." हे सगळं मी दाराबाहेर जिन्यात उभी राहून ऐकलं आणि आत येऊन त्याला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो पुलावर येत नाही. भरती किती चढली असेल, ते बोलत नाही. फावडं त्याने पलंगाखाली सारलं.

मृणाली, मला बोल लागला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण सुनेला बोल लागतोच, तो मी झेलीन. तुझा पाय कापला त्याचं जास्त लागलं. आणि तू मला वहिनी म्हणालीस, त्याचं त्याहून.

आता हे का लिहितेय ते सांगते. काल आईचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, गोणी टाकून बुजवलेली खांड नारळी पौर्णिमेच्या उधाणाला टिकायची नाही. म्हणून त्याआधी, पाणी कमी चढतं त्या भांगाच्या दिवसांत, येत्या रविवारी गाव पक्कं काम काढणार आहे. घरं पुन्हा पुकारली जातील. तू परत उतरू नकोस, पाय भरू दे. मी येतेय. पहिल्या एस. टी.ने निघेन, पेणच्या स्टँडवर मला घ्यायला ये. मोरूकाकांनी हिरामणचं घर पुकारलं की "हाय" मी म्हणेन. माहेरी भातशेताचे बांध मी घातलेत, फावडं मला नवं नाही. गाव हसेल, हसू दे. तू फक्त माझ्या शेजारी बांधावर उभी राहा, आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते तुझा दादाच सांगणार आहे, गणपतीला येईल तेव्हा, स्वतः, बाबांच्या शेजारी बसून. एवढं त्याच्याकडून मी काल कबूल करून घेतलं. तुला लिहिणार आहे हेही त्याला सांगितलं. आणि रविवारी मी जाणार, हेही. आज सकाळी मी नळावरून हंडा घेऊन आले, तर तो पलंगाखालचं फावडं मांडीवर घेऊन बसला होता. अनिताताईंकडून रंधा मागून आणला होता. थांबत थांबत, दम खात, तो दांडा तासत होता. मध्येच म्हणाला, "हात दे." मी हात पुढे केला. त्याने माझी मूठ दांड्यावर बसवून पाहिली, आणि अजून थोडा तासला.

तुझीच,
जिला तू वैशूच म्हणावंस अशी
वैशाली